प्रायमरीतील पक्षांतर्गत लढाई

अमेरिकेत पक्षाचे तिकीट पक्षश्रेष्ठी वाटत नाहीत, मतदार देतात. त्यासाठी मुख्य निवडणुकीच्या काही महिने आधी जी निवडणूक होते तिला प्रायमरी किंवा प्राथमिक निवडणूक म्हणतात. एकाच पक्षाचे दोन, पाच, कधी सतरा इच्छुक तिथे एकमेकांविरुद्ध उभे राहतात. त्यांच्यातल्या कुरघोड्या, चिखलफेक, पाडापाडी आणि निकालानंतरचे रुसवेफुगवे हा या नोंदीचा विषय. आपल्याकडे हे सगळे तिकीटवाटपाच्या काळात होते, पण बंद दाराआड: दिल्लीच्या वाऱ्या, नेत्याच्या बंगल्याबाहेरची गर्दी आणि एबी फॉर्म कोणाच्या हातात पडला याची शेवटच्या रात्रीची कुजबुज. अमेरिकेत तेच भांडण भर चौकात, कॅमेऱ्यापुढे होते आणि त्याचा निकाल मतपेटीतून लागतो.

हे भांडण विरोधी पक्षाशी होणाऱ्या भांडणापेक्षा अनेकदा जास्त बोचरे असते, आणि त्याला कारण आहे. मुख्य निवडणुकीत मतदार पक्षाचे नाव पाहून अर्धा निर्णय घेऊन मोकळा होतो. प्रायमरीत सगळ्यांच्या नावापुढे पक्ष एकच. करांवर, गर्भपातावर, बंदुकांवर सगळ्यांची मते थोड्याफार फरकाने सारखीच. मग मतदाराने निवडायचे कशावरून? उरतो तो माणूस: त्याचा स्वभाव, त्याचा भूतकाळ, त्याचा पैसा, त्याच्या पक्षनिष्ठेचा कस. धोरणांतला फरक जितका कमी, तितकी टीका अंगावर जाणारी. भावाभावांचे वाद बांधाच्या हातभर जमिनीवरून कोर्टात का जातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

प्रायमरीची कल्पना आली ती पक्षातल्या दादा मंडळींचे वर्चस्व मोडायला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी तिचा आग्रह धरला आणि १९०४ मध्ये तिथल्या मतदारांनी सार्वमताने तो कायदा मंजूर केला. राष्ट्राध्यक्षपदासाठी तिची पहिली मोठी परीक्षा झाली १९१२ मध्ये, आणि पुढच्या सगळ्या भांडणांचा साचाच जणू त्या वर्षी ओतला गेला. रिपब्लिकन पक्षाचे विल्यम हॉवर्ड टाफ्ट तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. त्यांना त्या खुर्चीवर बसवले होते त्यांचे मित्र आणि आधीचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी. चार वर्षांत दोघांचे बिनसले आणि रूझवेल्ट स्वतःच टाफ्ट यांच्याविरुद्ध रिंगणात उतरले. एका राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याला जाहीर सभेत मठ्ठ डोक्याचा म्हणावे, आणि दुसऱ्याने कोपऱ्यात गाठलेला उंदीरही उलटतो असे उत्तर द्यावे, असे दृश्य देशाने त्याआधी पाहिले नव्हते. त्याच प्रचारात बॉस्टनला मित्राविरुद्ध बोलून झाल्यावर टाफ्ट रेल्वेच्या डब्यात एकटेच बसले होते. बातमीदार आत शिरला तेव्हा ते म्हणाले की रूझवेल्ट माझा सर्वांत जवळचा मित्र होता, आणि रडू लागले.

रूझवेल्ट यांनी नऊ राज्यांतल्या प्रायमरी जिंकल्या. त्यात टाफ्ट यांचे स्वतःचे ओहायोही होते. पण राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार शेवटी पक्षाच्या अधिवेशनात राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी ठरवतात. तेव्हा प्रायमरी मोजक्याच राज्यांत होत होती आणि बाकीचे प्रतिनिधी पक्षयंत्रणेच्या मुठीत होते. जून महिन्यात शिकागोला पक्षाचे अधिवेशन भरले. प्रतिनिधींच्या ज्या २५४ जागांवर वाद होता त्यांपैकी २३५ टाफ्ट गटाला दिल्या गेल्या, रूझवेल्ट गटाला १९. रूझवेल्ट बाहेर पडले, त्यांनी प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला आणि नोव्हेंबरमध्ये दोघांच्या भांडणात डेमोक्रॅट वुड्रो विल्सन सुमारे ४२ टक्के मतांवर निवडून आले. विद्यमान राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना यूटा आणि व्हरमाँट ही दोनच राज्ये मिळाली.

यानंतर प्रायमरी राहिली, पण बराच काळ ती शोभेची होती. १९५२ मध्ये सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी डेमोक्रॅटिक अधिवेशनाने उमेदवारी दिली ॲडलाय स्टीव्हन्सन यांना. १९६८ मध्ये ही गंमत महागात पडली. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे यूजीन मॅकार्थी न्यू हॅम्पशायरमध्ये दुसरे आले, पण राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या इतके जवळ पोचले की जॉन्सन यांनी ३१ मार्चला शर्यतच सोडली. रॉबर्ट केनेडी मध्येच उतरले, म्हणून मॅकार्थी यांचे तरुण कार्यकर्ते त्यांच्यावर संतापले. कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्री केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. अखेर उमेदवारी गेली एकही प्रायमरी न लढलेल्या ह्यूबर्ट हम्फ्री यांच्याकडे, आणि शिकागोच्या रस्त्यांवर पोलीस व निदर्शक यांची धुमश्चक्री झाली. त्यानंतर पक्षाने नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाच्या सुधारणांनी १९७२ पासून प्रायमरीलाच निर्णायक केले. दादा मंडळी मागे पडली. भांडण मात्र मतदारांच्या अंगणात आले.

१९८० हे वर्ष या बाबतीत जवळून पाहावे असे आहे, कारण त्या वर्षी दोन्ही पक्षांत भांडण झाले आणि दोन्हींचा शेवट उलट झाला.

रिपब्लिकन बाजूला जॉर्ज बुश यांनी आयोवा जिंकून रोनाल्ड रेगन यांना धक्का दिला होता. २३ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ गावी, शाळेच्या व्यायामशाळेत दोघांचाच वादविवाद ठरला. आयोजक होते स्थानिक वृत्तपत्र. दोघांच्याच वादविवादाचा खर्च वृत्तपत्राने केला तर तो नियमबाह्य देणगी ठरेल असा आक्षेप आला, तेव्हा रेगन गटाने खर्च उचलला. मग त्यांनी गुपचूप बाकीच्या चार उमेदवारांनाही बोलावून घेतले. चौघे खुर्च्यांविना मंचावर मागे उभे. बुश समोर पाहत ताठ बसलेले, जणू मागे कोणी नाहीच. रेगन खुलासा करू लागले तसे संपादक जॉन ब्रीन यांनी त्यांचा माइक बंद करायला सांगितले. रेगन कडाडले: या माइकचे पैसे मी भरतोय, मिस्टर ग्रीन! नाव चुकले, टाळ्या नाही चुकल्या. तीन दिवसांनी रेगन यांनी ते राज्य दुपटीहून अधिक मतांनी जिंकले. पुढे बुश यांनी रेगन यांच्या अर्थनीतीला ‘व्हूडू’, म्हणजे जादूटोण्याचे अर्थशास्त्र म्हटले. जुलैत रेगन यांनी त्याच बुश यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली आणि जादूटोण्याचा विषय मिटला.

डेमोक्रॅटिक बाजूला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्याविरुद्ध एडवर्ड केनेडी उभे होते. आकडे कधीच विरोधात गेले असतानाही केनेडी यांनी लढाई ऑगस्टमधल्या अधिवेशनापर्यंत ओढली. शेवटच्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्टर यांचे भाषण संपले, फुगे सोडायचे झाले, आणि सगळे केनेडींची वाट पाहत राहिले. ते उशिरा आले, मंचावर फिरले, हात मिळवला. पण विजयी उमेदवारासोबत हात गुंफून वर उंचावण्याची जी रीत, ती त्यांनी पाळली नाही, आणि हात हाती लागावा म्हणून कार्टर त्यांच्या मागेमागे फिरताना देशाने पाहिले. नोव्हेंबरमध्ये कार्टर यांना सहाच राज्ये मिळाली. पराभवाला महागाई आणि इराणमधले ओलीस ही कारणे होतीच. सगळे खापर केनेडींवर फोडणे योग्य नाही. पण त्या रात्रीचे चित्र पुसले गेले नाही.

घरचा आहेर शत्रूच्या कामी कसा येतो याचा नमुना १९८८ चा. मॅसॅच्युसेट्समध्ये शिक्षा झालेल्या गुन्हेगारांना सुटीवर सोडण्याची योजना होती. न्यूयॉर्कच्या प्रायमरीआधीच्या वादविवादात त्यावरून तिथले डेमोक्रॅट गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांना छेडले ते त्यांच्याच पक्षाच्या अल गोर यांनी. गोर हरले, विषय मागे पडला. पण मुख्य निवडणुकीत डुकाकिस यांच्यासमोर उभ्या असलेल्या बुश यांच्या प्रचारचमूने तो उचलला आणि सुटीवर असताना गुन्हा करणाऱ्या विली हॉर्टनचे नाव त्या वर्षी घराघरांत पोचले. २०१२ मध्येही मिट रॉम्नी यांच्या गुंतवणूक व्यवसायावर पहिला जोराचा हल्ला त्यांच्याच पक्षातल्या न्यूट गिंग्रिच यांच्या पाठीराख्यांनी केला; ओबामांच्या माणसांना मजकूर आयताच मिळाला.

सगळे वार उघड होतात असेही नाही. २००० मध्ये जॉन मॅकेन यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये धाकट्या जॉर्ज बुश यांना मोठ्या फरकाने हरवले. पुढची लढत साउथ कॅरोलिनात. तिथे मॅकेन यांना अनौरस कृष्णवर्णीय मूल असल्याची कुजबुज पसरवली गेली. प्रत्यक्षात ती मुलगी मॅकेन दांपत्याने बांगलादेशातून दत्तक घेतलेली होती. मॅकेन तिथे हरले आणि त्यांचा जोर तिथेच मोडला. बुश यांच्या गटाने हात असल्याचे नाकारले. कुजबुजीला सही नसते, त्यामुळे जबाबदार कोण हे कधीच सिद्ध होत नाही.

२०१६ मध्ये सतरा रिपब्लिकन उमेदवार होते. सगळे एका मंचावर मावेनात, म्हणून मागे पडलेल्यांसाठी वेगळा वादविवाद ठेवावा लागला. प्रत्येकाने हिशोब केला की डोनल्ड ट्रम्प आपोआप कोसळतील, तोवर आपण शेजाऱ्याला खाली ओढू. ट्रम्प यांनी दरम्यान एकेकाला टोपणनाव चिकटवले: जेब बुश मरगळलेले, मार्को रुबियो छोटू, टेड क्रूझ खोटारडे. क्लीव्हलंडच्या अधिवेशनात क्रूझ यांनी पाठिंबा जाहीर न करता मतदारांना विवेकाने मत द्यायला सांगितले, तेव्हा सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. पुढे क्रूझ यांनी पाठिंबा दिला. रुबियो तर ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत परराष्ट्रमंत्री झाले.

भांडण किती चिघळते हे माणसांइतकेच नियमांवर अवलंबून असते, आणि माझ्या मते या विषयाची खरी मेख इथे आहे. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत कोणालाच पन्नास टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होते. काही आठवडे भांडण वाढते, पण विजेत्यामागे बहुमत असते. कॅलिफोर्नियात सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत असतात आणि पहिले दोघे पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला अपक्ष उभे राहता येत नाही; म्हणजे आपल्याकडच्या बंडोबांची वाटच कायद्याने बंद. कनेक्टिकटमध्ये तशी बंदी नव्हती, म्हणून २००६ मध्ये जो लीबरमन प्रायमरी हरूनही अपक्ष म्हणून सिनेटवर गेले. अलास्कात लिसा मरकाउस्की यांनी २०१० मध्ये त्याहून अवघड वाट धरली: मतपत्रिकेवर त्यांचे नाव नव्हते, मतदाराने ते हाताने लिहायचे. आडनाव चुकू नये म्हणून ते छापलेले मनगटपट्टे वाटले गेले, आणि त्या जिंकल्या.

पसंतीक्रमाच्या पद्धतीत तर सूरच बदलतो. प्रतिस्पर्ध्याच्या मतदाराची दुसरी पसंती हवी असेल तर त्याला शिव्या घालून चालत नाही. न्यूयॉर्कच्या २०२५ च्या महापौर प्रायमरीत झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी एकमेकांच्या मतदारांना एकमेकांचीच शिफारस केली. हरलेले अँड्र्यू कुओमो मात्र वेगळ्या पाटीवर पुन्हा उभे राहिले, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा हरले.

मतविभागणीचे एक उदाहरण मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. बेळगावात वाढलेले उद्योजक श्री ठाणेदार, ज्यांचे मराठी आत्मचरित्र महाराष्ट्रात बरेच वाचले गेले, ते २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत स्वतःचे भरपूर पैसे ओतून उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये ते डेट्रॉइट भागातून काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उभे राहिले. रिंगणात नऊ जण. शहरातल्या काही कृष्णवर्णीय नेत्यांनी मते फुटू नयेत म्हणून ॲडम हॉलियर यांच्या नावावर एकमत घडवू पाहिले, पण बाकीचे माघार घेईनात. मिशिगनमध्ये फेरमतदान नाही. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले आणि जवळपास सत्तर वर्षांत प्रथमच डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. २०२४ मध्ये हॉलियर पुन्हा आले, तेव्हा ठाणेदार गटाने त्यांच्या अर्जावरच्या सह्यांना हरकत घेतली. पुरेशा वैध सह्या न भरल्याने ते मतपत्रिकेवरच आले नाहीत.

कडव्या प्रायमरीने पक्ष हरतोच, ही समजूत अभ्यासकांना सरसकट मान्य नाही. अँड्र्यू हॅकर यांनी १९६५ मध्येच असा संबंध फारसा आढळत नसल्याचे दाखवले होते. ओबामा आणि हिलरी क्लिंटन २००८ मध्ये जूनपर्यंत झुंजले, तरी पक्ष जिंकला आणि हिलरी परराष्ट्रमंत्री झाल्या. कमला हॅरिस यांनी २०१९ मध्ये मायामीच्या वादविवादात बायडेन यांना, कृष्णवर्णीय आणि गोरी मुले एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळांत नेण्याच्या जुन्या धोरणावरून, चांगलेच कोंडीत पकडले होते. वर्षभराने त्या त्यांच्याच उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. भांडण मिटवायला पद हेच सर्वांत जुने औषध आहे, आणि ते आपल्या महामंडळांच्या वाटपापेक्षा फारसे वेगळे नाही.

भारतात हा प्रयोग काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधी यांच्या आग्रहाने निवडक मतदारसंघांत केला. मतदान सर्वसामान्यांचे नव्हते, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचे होते. बडोद्यात नरेंद्र रावत प्रायमरीतून आले, पण नरेंद्र मोदी तिथून उभे राहताच त्यांच्या जागी मधुसूदन मिस्त्री यांना उतरवण्यात आले. महाराष्ट्रात लातूर आणि वर्ध्याची निवड झाली होती. वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे प्रायमरी जिंकले आणि लोकसभेला भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले. त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरमध्ये सागर यांचे बंधू समीर मेघे हिंगण्यातून भाजपचे आमदार झाले.