ईएमआर आणि ईएसडी: कोलायटिसच्या आतड्यात फरक कुठे पडतो

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या दादाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार) होऊन 14 वर्षं झाली. यंदाच्या कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, आतड्याच्या अस्तरावर पसरट उंचवटा दिसला. बायोप्सीत डिस्प्लेझिया आला, म्हणजे पेशी बदलायला लागल्यात, पण कॅन्सर नाही. वहिनी रडवेली झाली, "पोट फाडायचं का?" डॉक्टर म्हणाले, "नाही ताई, दुर्बिणीतूनच काढू," आणि मेडिकलच्या बिलामागे लिहून दिलं: ईएमआर (एंडोस्कोपिक म्युकोसल रिसेक्शन) किंवा ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन). घरी आम्ही दोन्ही एकच धरून बसलो.

सुरुवात खरंच सारखी असते. उंचवट्याखाली सुईने द्रव टोचतात, अस्तर पुरीसारखं फुगून खालच्या स्नायूपासून सुटतं. ईएमआरमध्ये मग तारेचा फास टाकून आवळतात आणि विजेच्या प्रवाहाने कापतात. काम लवकर होतं. पण फासात एका वेळी साधारण 2 सेंटिमीटरपर्यंतच मावतं. त्याहून मोठं असेल तर तुकड्या-तुकड्यांनी काढावं लागतं. तुकड्यांवरून कडा साफ आहेत की नाहीत, म्हणजे काठावर बदललेल्या पेशी उरल्यात का, हे पॅथॉलॉजिस्टला नक्की सांगता येत नाही, आणि त्याच जागी परत उगवण्याची शक्यता वाढते.

ईएसडी जपानमध्ये जठराच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी विकसित झाली. तिच्यात बारीक सुरीने उंचवट्याभोवती कापून घेतात आणि खालचा थर हळूहळू सोडवत सगळा भाग एकसंध काढतात. वेळ जास्त लागतो, आतड्याला भोक पडण्याचा धोकाही जास्त. सरावलेला हातच हवा.

एरवीच्या पॉलिपमध्ये (अस्तरावर उगवणाऱ्या गाठीत) निवड बरीचशी आकारावर ठरते. कोलायटिसमध्ये मात्र वर्षानुवर्षं सूज येऊन-जाऊन अस्तराखाली वण धरलेला असतो. द्रव टोचला तरी तिथलं अस्तर नीट उचललं जात नाही, फास निसटतो. म्हणून लहान उंचवट्यालाही कधी ईएसडी लागते. मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कुणी आपणहून सांगत नाही. "उचललं जातंय का?" हे डॉक्टरांना जरूर विचारा. कडाच ओळखू येत नसतील किंवा पूर्ण निघत नसेल, तर मोठं आतडं काढण्याच्या ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

दादाचं अस्तर उचललं गेलं नाही. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन ईएसडी करून आलो. रिपोर्टात कडा साफ आल्या. बाकीचं आतडं मात्र आजारीच आहे, त्यामुळे तपासणी सुटलेली नाही. पुढची कोलोनोस्कोपी 6 महिन्यांच्या आत आहे.