केळी पिकवणारा वायू बसतो कुठे?

रावेर-यावल पट्ट्यातली केळी हिरवीच कापतात. पुढे रायपनिंग चेंबरमध्ये फण्यांचे क्रेट रचतात, तापमान १६ ते १८ अंशांवर आणतात आणि एथिलीन सोडतात. त्याची कायदेशीर मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा हजार भागांत एक भाग. एवढ्याशा वायूने खोलीभर माल कसा पिवळा होतो, हे कळायला विज्ञानाला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

सुरुवात केळीपासून झाली नाही. १८९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी विकर (एन्झाइम) आणि साखरेचा रेणू यांचं नातं कुलूप-किल्लीसारखं असल्याचं मांडलं. १९०५ मध्ये केंब्रिजचे जॉन लँगली निकोटिन आणि क्युरारे स्नायूंवर तपासत होते. निकोटिनने स्नायू आखडायचा, क्युरारेने तो सैल पडायचा; मज्जातंतू निकामी केला तरीही. दोन्ही विषं पेशीतल्या एकाच ‘ग्राही पदार्था’वर, म्हणजे रेणू जिथे येऊन बसतो त्या जागेवर (रिसेप्टर), काम करतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो पदार्थ त्यांनी पाहिलेला नव्हता, तरी आजच्या औषधशास्त्राचा मोठा भाग या तर्कावर उभा आहे.

दिव्याच्या गॅसमुळे मटाराची रोपं वाकडी वाढतात ती एथिलीनमुळे, हे रशियात नेल्युबोव यांनी १९०१ मध्ये दाखवलं. फळं स्वतःच एथिलीन तयार करतात, हे १९३४ मध्ये सिद्ध झालं. एथिलीनची पेशीतली बसण्याची जागा मात्र सापडत नव्हती. तिथे धातू असावा, असा अंदाज १९६७ मध्ये बर्ग दांपत्याने बांधला. १९८८ मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपाचा, एथिलीनला दादच न देणारा वाण हाती लागला. १९९३ मध्ये त्याचा जनुक ओळखला गेला. ईटीआर-१ हे ते प्रथिन. सातशेहून जास्त अमिनो आम्लांच्या या प्रथिनाला सहा अणूंचं एथिलीन चिकटतं ते तांब्याच्या आधाराने, हे १९९९ मध्ये स्पष्ट झालं. बर्ग यांचा धातूचा अंदाज खरा ठरला.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे हे प्रथिन एथिलीन नसताना काम करत असतं: पिकण्याची क्रिया ते रोखून धरतं. वायू येऊन बसला की ते गप्प होतं आणि फळ मोकळं सुटतं. मग फळ स्वतःचं एथिलीन बनवू लागतं, त्यामुळे बाहेरून थोडंच पुरतं.

त्याच जागेवर १-एमसीपी (१-मिथाइलसायक्लोप्रोपीन) हा रेणू बसवला तर तो सहजी सुटत नाही आणि फळ बरेच दिवस हिरवं राहतं; लांबच्या बाजारासाठी माल टिकवताना तो वापरतात. कार्बाइडच्या पुड्यांतून निघणारं ॲसिटिलीनही तिथेच बसतं, पण इतकं कमजोर की एथिलीनच्या शेकडो पट लागतं. शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्याच्यावर बंदी आहे ती याचसाठी, आणि ती वखारीत काटेकोर पाळली गेली पाहिजे.