पावसाळ्यातलं तास्को आणि ‘वसाहतकालीन’ नावाचा घोळ

जुलैत तास्कोला (मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातलं, चांदीसाठी प्रसिद्ध असलेलं डोंगरी गाव) गेलं तर चालेल का, असं मेक्सिको सिटीत कामासाठी आलेले आपले लोक हमखास विचारतात आणि त्यांना हवं असतं ते पावसाचं उत्तर. ते दोन ओळींत संपतं. पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर, सकाळ बहुतेक स्वच्छ, दुपारी तीन-चारनंतर ढग डोंगरावर येऊन बसतात, तास-दीड तास धो धो कोसळतो, रात्री परत एखादी सर. कोकणासारखी चार-चार दिवस झड लागत नाही (वादळ आलं तर गोष्ट वेगळी, २०१३ च्या सप्टेंबरात मानुएल वादळाने गेरेरो राज्याची पार वाट लावली होती). जुलै-ऑगस्टात मध्येच उघडीप पडते, तिला तिकडे कानिकुला म्हणतात. म्हणजे सकाळी फिरा, दुपारी छपराखाली बसा, विषय संपला. खरा गुंता आहे तो टूरवाले लावतात त्या पाटीत, ‘डोंगरावरचं वसाहतकालीन चांदीचं गाव’. यातला डोंगर तेवढा निर्विवाद.

नावापासूनच बघा. नाउआत्ल भाषेत, म्हणजे अ‍ॅझ्टेकांच्या भाषेत, त्लाच्को म्हणजे चेंडूच्या खेळाचं मैदान. स्पॅनिश जिभेला ते सुरुवातीचं ‘त्ल’ झेपलं नाही, त्याचं तास्को झालं. पण ते मूळ त्लाच्को ही जागा नव्हेच, ते दहा-बारा किलोमीटरवर दक्षिणेला आहे आणि आज त्याला ‘जुनं तास्को’ म्हणतात. नाव तिकडचं, गाव इकडे. आणि चांदीच्या आधी इथे गाजलं ते कथील, आपलं कल्हईचं कथील! मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सरदार कोर्तेसला तोफा ओतायला ब्राँझ हवं होतं, तांबं मिळालं पण कथील मिळेना, तेव्हा या भागातल्या लोकांकडे नाण्यासारखे वापरलेले कथलाचे पातळ तुकडे दिसले आणि त्यावरून माग काढत माणसं इथे आली, हे त्याने स्वतःच १५२४ च्या पत्रात राजाला कळवलंय. चांदीचं त्यानंतर दहाएक वर्षांत सुरू झालं. अलीकडे गावातल्या एका हॉटेलखाली जुनी खाण सापडली, ती स्पॅनिश लोकांच्याही आधीची म्हणून तिकीट लावून दाखवतात. बघायला मजा येते, ‘आधीची’ हा शब्द मात्र मी जरा सांभाळून घेतो.

सोळाव्या-सतराव्या शतकाबद्दल फार लिहीत नाही, पाण्याचं तेवढं सांगतो कारण पावसाशी थेट संबंध आहे. दगड फोडायच्या गिरण्या पाण्यावर चालायच्या, गावात शिरताना दिसणारी जलवाहिनीची कमानरांग आणि एल चोरियोसारख्या जुन्या हासिएन्दा (चांदी काढायचे वाडे-कारखाने) या त्याच कामातल्या. म्हणजे वर पाऊस हवा. पण तोच पाऊस खाणीत उतरला की काम ठप्प, घोड्यांनी फिरवायचे रहाट लावून पाणी उपसत बसायचं. १५५४ पासून पारा वापरून चांदी काढायची पद्धत न्यू स्पेनमध्ये (स्पेनच्या ताब्यातल्या तेव्हाच्या मेक्सिकोत) आली, त्यात दगडाचा चुरा, मीठ, पारा वगैरे उघड्या अंगणात कालवून आठवडेच्या आठवडे तुडवायचा, त्याला ऊब लागते, पावसाळी गारठ्यात काम रेंगाळतं. आणि तुडवणारे, खाणीत उतरणारे कोण, तर आसपासच्या गावांतून पाळीपाळीने आणलेले स्थानिक लोक. आपल्याकडे याला वेठबिगार म्हणतात, दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

जाता जाता, न्यू स्पेनची चांदी युरोपमार्गे आणि अकापुल्को-मनिला जहाजांनी (१५६५ ते १८१५) आशियात यायची. मुघल टाकसाळीतल्या रुपयांसाठी लागणाऱ्या चांदीतला मोठा वाटा असा अमेरिकेतूनच फिरत फिरत सुरतेला पोचायचा. त्यात तास्कोची किती हे कोणी छातीठोक सांगत असेल तर तो गाइड आहे.

मग येतो बोर्दा. होसे दे ला बोर्दा १७१६ मध्ये भावाकडे आला, खाणीत पैसा केला, घोडा ठेचकाळला आणि दगडाखाली चांदीची शीर दिसली ही कथा तुम्हाला तिथे तीन वेळा तरी ऐकावी लागेल. त्याने १७५१ ते १७५८ मध्ये स्वतःच्या खर्चाने सांता प्रिस्का हे चर्च बांधलं, गुलाबी दगडाचं, आत सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी वेद्या, एक इंच जागा मोकळी सोडलेली नाही. ‘देव बोर्दाला देतो, बोर्दा देवाला देतो’ हे वाक्य सगळे सांगतात. पुढचं कमी लोक सांगतात: नंतर बोर्दा खंक झाला, तेव्हा देवाला दिलेली हिरेजडित कस्टोडिया (वेदीवर पवित्र प्रसाद ठेवून दाखवायचं पात्र) त्याने आर्चबिशपच्या परवानगीने परत घेऊन मेक्सिको सिटीच्या कॅथेड्रलला विकली आणि त्या भांडवलावर साकातेकासला जाऊन पुन्हा श्रीमंत झाला. १७७८ मध्ये वारला तो कुएर्नावाका शहरात. १८०३ च्या एप्रिलमध्ये जर्मन शास्त्रज्ञ-प्रवासी हम्बोल्ट अकापुल्कोहून वर जाताना इथे मुक्कामाला थांबला, त्या घराला अजून त्याचं नाव आहे, एका मुक्कामात माणसाने एवढं कमावलं! त्यानंतर सव्वाशे वर्षं थोडक्यात सांगायची तर स्वातंत्र्ययुद्ध, खाणी पडल्या, माणसं निघून गेली. गाव उरलं कारण पाडून नवीन बांधायला कोणाकडे पैसा नव्हता.

आणि इथून खरं आजचं तास्को सुरू होतं, म्हणजे १९२७ ला मोटारीचा रस्ता आला तेव्हापासून. विल्यम स्प्रॅटलिंग हा अमेरिकन आर्किटेक्ट, न्यू ऑर्लिन्सला शिकवायचा, १९२९ मध्ये मेक्सिकोत कायमचा आला. कुएर्नावाकातल्या एका मोठ्या भित्तिचित्राचं काम त्याने मित्र असलेल्या चित्रकाराला मिळवून दिलं आणि त्या कमिशनमधून तास्कोला घर घेतलं. त्या वेळचा अमेरिकन राजदूत त्याला म्हणाला म्हणे, की या गावातून शतकानुशतकं चांदी गेली पण गावात चांदीचा धंदा म्हणून काही नाही. १९३१ मध्ये स्प्रॅटलिंगने वर्कशॉप काढलं, शेजारच्या इग्वालाहून सोनार आणला, कारण तास्कोत त्या दर्जाचा कारागीरच नव्हता. हे वाक्य परत वाचा. जेव्हा चांदी निघत होती तेव्हा इथे दागिने होत नव्हते, दागिने व्हायला लागले तोवर खाणींचे सुवर्णदिवस केव्हाच संपले होते. (आपल्या हुपरीत तरी कुठे खाण आहे, पण हुपरीवाले तसा आवही आणत नाहीत.) दुसऱ्या महायुद्धात युरोपचा माल बंद पडला, अमेरिकेतली दुकानं इकडे वळली, त्याच्याकडे काही शे माणसं कामाला लागली, त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी स्वतःची वर्कशॉपं काढली. युद्ध संपलं आणि कंपनीही बुडाली. तो १९६७ मध्ये मोटार अपघातात गेला.

आता तो शब्द, वसाहतकालीन. आधी आपलीच पंचाईत अशी की मराठीत वसाहत म्हटलं की डोळ्यांपुढे येते औद्योगिक वसाहत नाहीतर पोलीस वसाहत, आणि ‘कलोनियल’ म्हटलं की ब्रिटिश, व्हरांडा, आरामखुर्ची. तिकडे भांडण वेगळंच आहे. एका गटाचं म्हणणं, ‘कोलोनियाल’ म्हणू नका, ‘विर्रेइनाल’ म्हणा, कारण न्यू स्पेन ही कागदोपत्री वसाहत नव्हती, व्हाइसरॉयच्या ताब्यातलं राज्य होतं, स्पेनच्या राजाच्या इतर राज्यांसारखं. कायद्याच्या भाषेत त्यात तथ्य आहे आणि म्युझियमच्या पाट्यांवर हल्ली विर्रेइनालच जास्त दिसतं. दुसरा गट म्हणतो राज्य म्हणा नाहीतर काही म्हणा, चांदी कोणत्या दिशेला गेली आणि खाणीत कोण उतरलं ते बघा. मी दुसऱ्या गटात आहे हे वर वेठबिगार लिहिलं तेव्हाच तुम्हाला कळलं असेल.

पण या भांडणात तिसरी गोष्ट राहून जाते, की जे डोळ्यांना दिसतं ते बहुतेक त्या काळातलं नाहीच. सांता प्रिस्का, दोन-चार वाडे, काही चॅपल हे त्या काळातलं खरंच. बाकी पांढऱ्या भिंती, लाल कौलं, काळ्या दगडी रस्त्यात पांढऱ्या खड्यांच्या रेघा, हे आज दिसतं तसं एकसारखं रूप विसाव्या शतकातल्या जतनाच्या नियमांनी आणलेलं आहे. टूरच्या माहितीत साल येतं १९२८, तेव्हाच म्हणे गाव राष्ट्रीय वारसा झालं. केंद्र सरकारचा ऐतिहासिक स्मारक-क्षेत्राचा जाहीरनामा मात्र १९९० चा आहे, आणि मध्ये राज्याने खास या गावासाठी जतनाचा वेगळा कायदा केला. तीन थर, आणि प्रत्येक खातं आपलंच साल पुढे करतं. नियमांचा अर्थ रहिवाशासाठी सोपा: भिंत पांढरीच, वर कौलच, झगझगीत बोर्ड नकोत. गोव्यात सांगतात की पोर्तुगीज अमलात पांढरा रंग चर्चचा, घरांना तो चालायचा नाही. इथे बरोबर उलटं, चर्च गुलाबी आणि घरं पांढरी.

यावर स्थानिक लोक दोन्ही बाजूंनी बोलतात. दुकानवाल्याला हे रूप हवंच असतं, त्याचं पोट त्याच्यावर आहे. वरच्या उतारावर घर असलेल्या माणसाला पावसाळ्याआधी कौलं चाळायचा खर्च असतो, तो सरळ स्लॅब टाकतो आणि रस्त्याच्या बाजूला कौलांची वीतभर झालर लावतो, पाहणीवाला आला की झालर दिसते. मी एका जुलैतल्या दुपारी बाल्कनीखाली पाऊण तास अडकलो होतो तेव्हा समोरच्या अशाच झालरीवरून पाणी सरळ धारेने पडत होतं, मागच्या स्लॅबवरचं पाइपने गल्लीत येत होतं, आणि गल्ली म्हणजे ओढाच, त्या पांढऱ्या खड्यांच्या रेघा पाण्याखाली दिसतायत आणि त्यातून एक पांढरी फोक्सवॅगन बीटल टॅक्सी पहिल्या गियरमध्ये रडत वर चढतेय. या बीटल, तिकडे वोचो, आता गावाची ओळख झाल्यात. त्या कुठल्या काळातल्या म्हणायच्या? २००२ मध्ये सरकारच्या ‘जादुई गाव’ योजनेत तास्को आल्यावर तर पांढरं आणखी पांढरं झालं.

चांदीचा शिक्का हाही असाच उशिराचा. मेक्सिकोत सरकारी गरुडाचा छाप १९४८ च्या सुमाराला आला, १९८० च्या आसपास तो जाऊन अक्षर-आकड्यांचा कोड आला, ज्यात टी म्हणजे तास्को. घेताना ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के चांदी) बघायचं हे सगळ्यांना माहितीय. फसगत होते ती ‘अल्पाका’ शब्दावर, तो प्राणी नव्हे, चांदीही नव्हे, तांबं-निकेल-जस्त, म्हणजे आपल्या आजीचं जर्मन सिल्व्हर. शनिवारच्या रस्त्यावरच्या चांदीबाजारात दोन्ही शेजारी मांडलेलं असतं, तोंडाने विचारलं तर बहुतेक जण खरं सांगतात. धंद्याला चांदीच्या भावाने दोनदा झोडपलं, १९८० च्या जानेवारीत औंस ५० डॉलरच्या जवळ गेला तेव्हा आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तो आकडाही ओलांडला तेव्हा. त्यात आशियातून येणारा स्वस्त माल. कारागीर घरात नगावर काम करतो, त्याला भाव वाढला काय, पडला काय, मजुरी तीच.

आणि खाण? शेवटची मोठी खाण, जिच्यातून जस्त आणि शिसंही निघायचं, ३० जुलै २००७ ला संपावर गेली, सुरक्षितता आणि कराराच्या मुद्द्यावर. देशातल्या मोठ्या खाणकंपन्यांपैकी एक विरुद्ध कामगार संघटना, दशक उलटलं तरी मिटलं नाही, तेव्हाची तरुण पोरं गेटवरच्या मांडवात म्हातारी झाली. कोणाचं चुकलं यावर गावात अजून दोन तट आहेत. २०१० मध्ये एका बंद पडलेल्या शाफ्टमधून ५० हून जास्त मृतदेह काढले गेले, टोळीयुद्धातले. हे टूरमध्ये नसतं. खाणीतून काढून टाकलेल्या गाळाचे डोंगर, ज्यात शिसं आणि आर्सेनिक आहे, तेही टूरमध्ये नसतात. पावसाळ्यात त्यांच्यावरून वाहणारं पाणी आम्लयुक्त होऊन खालच्या ओढ्यांना मिळतं. चारशे-साडेचारशे वर्षांच्या धंद्यातलं हेच एक उत्पादन अजून गावातच आहे.

त्यामुळे पावसात आजूबाजूला काय बघाल तर जरा चौकशी करून जा. काकावामिल्पाच्या मोठ्या गुहा चालू असतात, पण तिथल्या भूमिगत नद्यांतून चालत जायचा प्रकार फक्त कोरड्या दिवसांचा. निळ्या डोहांचे फोटो बघून जवळचं अत्साला गाठाल तर जुलैत डोह चहाच्या रंगाचे असतात. २०२४ च्या जानेवारीत ड्रायव्हर लोकांच्या खुनांनंतर कोंबी (प्रवासी व्हॅन) आणि टॅक्सी बरेच दिवस बंद होत्या, शाळाही, तेव्हा जायच्या आठवड्यातली बातमी वाचणं हे छत्री घेण्याइतकंच आवश्यक. आणि एक गोष्ट बघाच: भर पावसात, गल्लीतून पाणी खाली धावत असताना, त्याच गल्लीतून पाण्याचा टँकर वर चढत असतो. त्याला तिकडे पिपा म्हणतात. वरच्या घरांना नळ रोज येत नाही, पावसाळ्यातसुद्धा नाही, आणि टँकरला वाट द्यायला वोचो मागे घेताना ड्रायव्हर जे बोलतो ते स्पॅनिश कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.