वारा समुद्रावर, पेरणी येळ्ळुरात

मेच्या शेवटच्या आठवड्यात बेळगावजवळच्या येळ्ळूर, उचगाव, कंग्राळीच्या शिवारात धूळवाफ पेरणीची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत बी टाकायची, घाई असते. नांगरट झालेली, ढेकळं फुटलेली, बियाणं घरात येऊन पडलेलं. बांधावर एकच विषय, पाऊस कधी? आपण मोबाईलवर ‘बेळगाव’ टाईप करतो, ढगाचं नाहीतर सूर्याचं चित्र बघतो आणि मोबाईल खिशात टाकतो. माझं म्हणणं असं की त्या दिवसांत बेळगावचा अंदाज नंतर बघावा, आधी अरबी समुद्राचा बघावा.

हवामान खातं मच्छीमारांसाठी रोज सूचना काढतं. ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे, मधूनच ६५ किलोमीटरचे झोत, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ बातम्यांत हे ऐकू आलं की आपण चॅनेल बदलतो. आपला काय संबंध समुद्राशी? पण गोव्याचा किनारा इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. ताशी पंचेचाळीसच्या वाऱ्याला तेवढं अंतर कापायला दोन तास पुरतात. मालवणच्या होडीवाल्याला ज्या वाऱ्यामुळे घरी बसावं लागतं, तोच वारा पुढे कणकुंबीच्या डोंगरावर आदळतो आणि मलप्रभेत पाणी येतं.

हा वारा येतो फार लांबून. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे उगम, मग आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत केनिया-सोमालियावरून उत्तरेला वळसा आणि तिथून थेट आपल्याकडे. जमिनीपासून साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवर तो सगळ्यांत जोरात असतो. शास्त्रज्ञ याला सोमाली झोत म्हणतात. वाटेत हजारो किलोमीटर समुद्रावरून तो वाफ उचलत येतो. सह्याद्रीपाशी ही हवा वर चढते, थंड होते आणि ओझं टाकते. म्हणून कणकुंबी-आमगावला पाऊस मोजता मोजता पुरेवाट होते, बेळगाव शहरात तो बाराशे-तेराशे मिलिमीटरच्या आसपास थांबतो आणि पूर्वेला अथणीला पोचेपर्यंत त्याच्या निम्म्यावर येतो. जिल्हा एकच, पण खानापूरचा शेतकरी इरलं पांघरून रोप लावतो तेव्हा अथणीचा आभाळाकडे बघत असतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी कळली तेव्हा मी खरंच हरखलो होतो. केरळात मान्सून आला, असं हवामान खातं केवळ पाऊस बघून ठरवत नाही. १० मे नंतर ठरावीक १४ केंद्रांपैकी निदान साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस व्हावा लागतो. त्याशिवाय समुद्रावरचे पश्चिमी वारे किती उंचीपर्यंत आहेत आणि किती जोरात आहेत, हेही तपासतात. जोर मोजतात तो ९२५ हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर, म्हणजे वर जाता जाता हवेचा दाब (हेक्टोपास्कल हे त्याचं एकक) जिथे तेवढा उतरतो त्या उंचीवर. तिथे वारा १५ ते २० नॉटचा, म्हणजे ताशी अंदाजे २८ ते ३७ किलोमीटर असावा लागतो. ही ९२५ ची पातळी समुद्रावर कुठे येते? साधारण साडेसातशे मीटरवर. आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून किती उंच? तेही साडेसातशे मीटरच्याच आसपास! ज्या थरातल्या वाऱ्यावरून मान्सूनचा निकाल लागतो, त्याच थरात आपण घरं बांधून राहतो. जुलैत टिळकवाडीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दोन-दोन चिमटे लावूनही उडून जातात, त्याचं कारण हेच.

ज्यांच्या मोबाईलमध्ये दाबमापक आहे त्यांनी एखादं साधं ॲप घेऊन बघावं. आकडा ९२५ च्या जवळपास दिसेल. दर तासाला लिहून ठेवलात तर आणखी एक गंमत दिसेल. सकाळी दहाच्या सुमारास दाब थोडा वाढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री दहाला परत वाढतो, पहाटे चारला परत उतरतो. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते तशी हवेलाही येते, फक्त ती मुख्यतः सूर्याच्या उष्णतेमुळे. उष्ण कटिबंधात ती सगळ्यांत ठळक असते. या भागातून जाणारे जुने खलाशी हे जाणून होते. दाबमापकाचा काटा नेहमीच्या वेळी खाली गेला तर काळजी नसे. चढायच्या वेळी चढला नाही तर मात्र शिडं उतरवायची तयारी सुरू होई.

उष्ण कटिबंधातल्या समुद्राचा अंदाज बांधणं अवघड का, याचं उत्तरही इथंच आहे. युरोपात दाबाचे फरक मोठे असतात, नकाशा बघून वारा सांगता येतो. आपल्याकडे रोजच्या दाबातला फरक बारीक, आणि विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारं वळणही दुबळं. म्हणून इथे वारा थेट मोजावा लागतो. इस्रोचा ओशनसॅट-३ हा उपग्रह नोव्हेंबर २०२२ मध्ये वर गेला, तो पाण्याच्या पृष्ठभागावरच्या काही सेंटिमीटरच्या तरंगांवर रडारचे किरण टाकतो. वारा जोरात असेल तितकं पाणी खरबरीत, आणि त्या खरबरीतपणातून वेग आणि दिशा काढतात. लाटांचा अंदाज हैदराबादचं ‘इन्कॉईस’ हे केंद्र देतं. तिथं ‘लाटांची उंची तीन मीटर’ असं म्हटलं असेल तर ती सगळ्यांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या दुप्पटही येऊ शकते. होडीवाल्याच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

वारा नेहमी अरबी समुद्रातूनच ठरतो असंही नाही. ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही नद्या एकदम फुगल्या, गावंच्या गावं पाण्यात गेली. त्याच आठवड्यात पार तिकडे ओडिशाच्या किनाऱ्याजवळ बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं तीव्र क्षेत्र तयार झालं होतं. अशी क्षेत्रं पश्चिमेकडचा वारा आपल्याकडे ओढून घेतात. ओढ बंगालच्या उपसागराची, पाणी अरबी समुद्राचं, आणि मार सह्याद्रीच्या माथ्याला. ‘बंगालच्या उपसागरात कमी दाब’ ही बातमी जुलै-ऑगस्टमध्ये कानावर आली की नदीकाठच्या माणसानं कान टवकारावेत.

पेरणीच्या दिवसांत मात्र धोका उलटा असतो. मे-जूनमध्ये अरबी समुद्राचं पाणी तीस अंशांच्या आसपास तापलेलं असतं, आणि चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंश पुरतात. १६ मे २०२१ ला तौक्ते गोव्याजवळून गेलं आणि १७ च्या रात्री गुजरातला धडकलं. तो पाऊस मान्सूनचा नव्हता, मान्सून केरळात आला ३ जूनला. २०२३ मध्ये बिपरजॉय ६ जूनच्या सुमारास तयार झालं आणि १५ ला कच्छच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत समुद्रातच रेंगाळलं. असं वादळ आसपासचे वारे आणि वाफ स्वतःभोवती फिरवत ठेवतं. मान्सून केरळात ८ जूनला आला खरा, पण मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. कर्नाटकात तो जून तुटीचा गेला. धूळवाफेत टाकलेलं बी कोरड्या मातीत थांबू शकतं. एका सरीनं ते उगवलं आणि पुढे दोन आठवडे ऊन पडलं, तर कोंब करपतो आणि बियाण्याचा खर्च पुन्हा येतो.

म्हणून रोहिणीत वळवाची सर आली की मी आधी दोन गोष्टी बघतो. पाऊस दुपारी गडगडत, बहुधा पूर्वेकडून आला, की दिवसरात्र पश्चिमेकडून भुरभुरत येतोय? आणि समुद्राच्या सूचनेत वारे केरळपासून गोव्यापर्यंत सलग पश्चिमेचे आहेत, की मध्येच कुठे ‘कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याची शक्यता’ लिहिलंय? तसं लिहिलं असेल, तर ते क्षेत्र कुठे जातं ते कळेपर्यंत बियाण्याचं पोतं चार दिवस घरातच राहू द्यावं.