गाड्या बंद केल्या की दुकानं बसतात का? थोडी पार्श्वभूमी

११ डिसेंबर २०२१ ला पुणे महापालिकेने पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा गाड्यांना बंद ठेवला होता. रस्ता बंद म्हटलं की दुकानदाराला पहिली धास्ती गिऱ्हाईकाची, आणि ती रास्त आहे, लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब एवढ्या पिशव्या घेऊन मंडईच्या पार्किंगपर्यंत चालणार का?

ही धास्ती साठ वर्षं जुनी आहे. कोपनहेगनमधे १७ नोव्हेंबर १९६२ ला स्ट्रॉयेट हा भर बाजारातला किलोमीटरभर रस्ता ट्रायल म्हणून गाड्यांना बंद केला, तेव्हा ओरड झाली की आपण काय इटालियन आहोत का रस्त्यावर रमायला, या थंडीत रस्त्यावर कोण फिरतंय, धंदा बुडणार. उलटंच झालं, गर्दी वाढली आणि १९६४ ला बंदी कायम झाली. मग यान गेल या आर्किटेक्टने तिथे बसून माणसं मोजली, किती चालतात, किती थांबतात, कुठे बसतात, सगळं. पार्किंगही एका फटक्यात नाही काढलं, दरवर्षी थोडं थोडं कमी करत गेले, त्यामुळे लोकांना सायकल-बसची सवय लागायला वेळ मिळाला. १९६२ ला चालण्याची जागा साधारण १५,८०० चौरस मीटर होती, २००० पर्यंत ती लाखाच्या आसपास गेली.

पण एक गोष्ट आपल्याकडे कुणी फारशी बोलत नाही, ती म्हणजे भाडं. गर्दी वाढली तशी स्ट्रॉयेटवरची भाडी चढली, मोठे ब्रँड आले आणि छोटे दुकानदार आजूबाजूच्या गल्ल्यांत सरकले. म्हणजे बाजार वाचला, पण जुना दुकानदार वाचलाच असं नाही.

स्पेनमधल्या पोन्तेवेद्राने १९९९ पासून हे वेगळ्या पद्धतीने केलं. महापौर लोरेस यांनी जुनं गाव गाड्यांना बंद केलं, मालाच्या गाड्यांना ठरावीक वेळ दिली, गावाच्या कडेला फुकट पार्किंग दिलं, आणि मुख्य म्हणजे मोठ्या मॉलना परवानगीच दिली नाही, त्यामुळे मंदीतही तिथली छोटी दुकानं तगली.

आपल्या पेठांमधे पागडीवरच्या जुन्या दुकानाला भाडेकायद्याचं संरक्षण आहे, लीव्ह-लायसन्सवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला, ते नाही. रस्ता कायमचा बंद करायचा विषय निघाला तर मालाच्या टेम्पोच्या वेळेबरोबर भाड्याचा हा प्रश्नही टेबलावर यायला हवा.