कोयंडा, सेन्सर आणि चार मिनिटं

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं छापलं जातं: 'बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी आत प्रवेश केला.' अलीकडे त्याला एक शेपूट जोडलेलं असतं, 'जाताना सीसीटीव्हीचा डीव्हीआरही नेला.' म्हणजे चित्रण साठवणारा डबाच गेला. दिवाळीला किंवा मे महिन्यात आठ-दहा दिवस घर बंद ठेवून जाणारा माणूस बाजारात अलार्म-कॅमेऱ्याची सिस्टीम बघायला जातो, तेव्हा त्याला कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगितले जातात. कोयंड्याचे स्क्रू किती इंची आहेत, हे कोणी विचारत नाही.

हिशोब वेळेचा आहे. घरात कोणी शिरतंय याचा सुगावा लागल्यापासून कोणीतरी दारात येऊन उभं राहीपर्यंत किती मिनिटं लागतात? सेन्सरचा संदेश फोनवर यायला दहा-पंधरा सेकंद. तुम्ही गावाला, रात्रीचे अडीच वाजलेले. जागं होऊन काय झालंय ते बघायला एक मिनिट. शेजाऱ्याला किंवा वॉचमनला फोन लागून गोष्ट कळायला आणखी एक. त्याने जिना चढून वर यायला दीड-दोन. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार मिनिटं. सुगावा लागल्यानंतर चोराला निदान तेवढा वेळ अडकवून ठेवणारं काहीतरी शिल्लक हवं. सुगाव्याच्या आधी तोडून झालेली कुलपं या हिशोबात धरायची नाहीत. बेडरूममध्ये कपाटासमोर लावलेला सेन्सर वाजतो तेव्हा दार पडलेलं असतं आणि कपाट उघडायला फार तर दोन मिनिटं.

म्हणून सुरुवात दारापासून. बहुतेक फ्लॅटचा कोयंडा अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूंवर असतो. बाहेरून कटावणी घालून झटका दिला की कुलूप शाबूत राहतं आणि कोयंडा स्क्रूंसकट निघून येतो. याला अर्धा मिनिटही लागत नाही. भारी कुलूप आणून इथे काही फरक पडत नाही. कोयंडा दारातून आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवावा, गोल डोकं बाहेर आणि नट आतून. चौकटीकडच्या पट्टीला तीन इंची स्क्रू लावावेत. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी असेल तर आधी ती भरून घ्यावी, नाहीतर स्क्रू नुसते लाकडातच फिरतात. त्याहून बरं म्हणजे बाहेर लटकतं कुलूप नकोच. ते घरात कोणी नसल्याची पाटीच असते. दाराच्या आत बसणारं, किल्ली दोनदा फिरवून निदान २० मिलिमीटर बोल्ट चौकटीत जाणारं कुलूप लावलं, तर दार बंद आहे की आत माणसं झोपली आहेत, हे जिन्यातून कळत नाही. सेफ्टी डोअर बाहेर उघडत असेल तर बिजागरीच्या पिना बाहेर राहतात. त्या ठोकून काढता येतात, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून त्यांना एक-एक टाका मारून घ्यावा.

सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीचा पल्ला वर उचलला की खालच्या पट्टीतून सुटतो. वरच्या पट्टीत पल्ल्याच्या डोक्यावर एक स्क्रू अर्धा बाहेर ठेवून बसवला की उचलायला जागाच राहत नाही. पाच रुपयांचं काम आहे.

आता सुगावा. दाराला सगळ्यात आधी लावला जातो तो मॅग्नेटिक सेन्सर. काचेच्या इवल्या नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. जवळ चुंबक आला की त्या चिकटतात, दार उघडून चुंबक लांब गेला की सुटतात. हा रीड स्विच १९३६ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये तयार झाला आणि आजही त्याला तोड नाही. आपल्याकडे तो दोन कारणांनी बिघडतो. एक, लोखंडी सेफ्टी डोअर. लोखंड चुंबकाचं क्षेत्र स्वतःत ओढून घेतं, त्यामुळे लाकडी दारावर १५-२० मिलिमीटरपर्यंत चालणारी जोडी लोखंडावर पाच मिलिमीटरलाही दगा देते. मध्ये प्लास्टिकची जाड पट्टी घालावी किंवा लोखंडी दारासाठीचा मोठा चुंबक मागावा. दुसरं कारण पाऊस. जुलैत दार फुगतं, एप्रिलमध्ये आक्रसतं, आणि मे महिन्यात नीट बसवलेली जोडी श्रावणात घासायला किंवा सुटायला लागते. बसवतानाच फट आठ-दहा मिलिमीटरच्या आसपास ठेवली की दोन्हीकडे हलायला जागा राहते.

पण रीड स्विच दार उघडल्यावर बोलतो, आणि आपल्याला चार मिनिटं हवी आहेत. म्हणून त्याच्या जोडीला, दाराच्या आतल्या बाजूने, कुलपाच्या जवळ व्हायब्रेशन सेन्सर लावावा. कटावणी लागल्याच्या पहिल्या हादऱ्याला तो ओरडतो, म्हणजे दार अजून उभं असताना. त्याची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते, आणि खरी मेहनत तिथेच आहे. शेजारच्यांनी दार आपटलं, जिन्यात सुतळी बॉम्ब फुटला, तर वाजू नये. बंद मुठीने कुलपाशेजारी जोरात तीन ठोके मारले तर वाजावं. एवढं जमेपर्यंत दोन-तीन संध्याकाळी जातात. ज्या वस्तूने दिवाळीच्या पहिल्याच रात्री चार वेळा खोटी हाक दिली, तिच्या पाचव्या हाकेला कोणी उठत नाही.

घराच्या आत, दारातून बेडरूमकडे जाणाऱ्या वाटेवर, एक पीआयआर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर. पांढऱ्या डबीवरचं ते खवल्यांसारखं दिसणारं प्लास्टिक म्हणजे भिंगांचा समूह. माणसाच्या अंगातून निघणारे अवरक्त किरण, तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रोमीटर, ते आतल्या दोन संवेदी पट्ट्यांवर पाडतं. पट्ट्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. दोन्हींवर सारखीच उष्णता पडली तर बेरीज शून्य. आधी एकीवर, मग दुसरीवर पडली तर सेन्सरला हालचाल कळते. यातून बसवण्याचा नियम निघतो. सेन्सरसमोरून आडवा जाणारा माणूस त्याला लगेच दिसतो, थेट त्याच्याकडे चालत येणारा उशिरा. म्हणून तो दाराच्या समोर नको, बाजूच्या कोपऱ्यात, सात-आठ फूट उंचीवर हवा. काचेतून हे किरण जात नाहीत, त्यामुळे खिडकीच्या आत बसून तो बाल्कनीतला माणूस ओळखणार नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी एक गोष्ट जरूर बघावी. पीआयआरला उष्णता दिसत नाही, उष्णतेतला फरक दिसतो. माणसाची त्वचा साधारण ३२ ते ३४ अंशांवर असते. मे महिन्यात वरच्या मजल्यावरचा बंद फ्लॅट तेवढाच तापलेला असला, की भिंत आणि माणूस सेन्सरला जवळजवळ सारखेच. ज्या सेन्सरला जानेवारीत दहा मीटरवरचा माणूस कळतो, तोच मेमधल्या दुपारी चार-पाच मीटरवरही चाचरू शकतो. म्हणून तापमानानुसार स्वतःला जुळवून घेणारा घ्यावा, किंवा पीआयआरसोबत मायक्रोवेव्हही असलेला, ज्याला हालचाल माणसावर आपटून परत येणाऱ्या लहरींवरून कळते. दोन्हींनी एकदमच होकार दिल्याशिवाय न वाजणारा जोडसेन्सर मात्र उन्हाळ्यात कामाचा नाही. पीआयआर गप्प तर तोही गप्प. आणि पाल. भिंगावर पाल चढली की सेन्सरपुढे माणसाहून मोठी सावली सरकते. डबी आणि भिंत यांच्यातली फट सिलिकॉनने बुजवली तर निदान ती आत तरी शिरत नाही.

वायरलेस सेन्सर घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: बॅटरी संपली किंवा सेन्सर कोणी काढून नेला, तर पॅनेलला, म्हणजे सगळे सेन्सर ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य डब्याला, कळतं का? स्वस्तातले सेन्सर एकतर्फी असतात, वाजायच्या वेळीच बोलतात. मेलेला सेन्सर आणि शांत घर यांत पॅनेलला फरक दिसत नाही. चांगले सेन्सर ठरावीक वेळाने 'मी आहे' असा संदेश पाठवत राहतात. जुन्या वायरच्या पद्धतीत हे आपोआप होतं, कारण तिथे विजेचं मंडल (सर्किट) नेहमी जोडलेलं असतं आणि वायर कापली की तेच अलार्मचं कारण ठरतं. घराचं काम नव्याने चालू असेल तर वायर टाकून घेण्यातच शहाणपण आहे. परदेशातल्या मुलाने प्रेमाने आणलेल्या सिस्टीमबद्दलही इथेच सांगायला हवं. तिचा अॅडॅप्टर २३० व्होल्टवर चालेलही, पण अमेरिकेतले झेड-वेव्ह (घरगुती उपकरणांची एक वायरलेस पद्धत) सेन्सर ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि भारतात अशा विनापरवाना उपकरणांना दिलेला पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. पुढे इथला एखादा सेन्सर जोडायचा म्हटलं तर त्या दोघांची भाषा जुळत नाही.

कॅमेऱ्याकडून काय हवंय ते आधी ठरवावं. चेहरा ओळखू यायला चित्रात दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल लागतात, असं या विषयावरचं आंतरराष्ट्रीय मानक धरतं. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे चेहऱ्यासाठी दृश्य फार तर साडेसात मीटर रुंद चालेल. सर्रास मिळणारं २.८ मिलिमीटरचं भिंग साधारण १०० अंश बघतं आणि तेवढी रुंदी सव्वातीन मीटरवरच भरते. त्यापलीकडे माणूस आहे एवढंच कळतं, कोण ते नाही. बंगल्याच्या फाटकावर नजर ठेवायची असेल तर सहा मिलिमीटरचं भिंग घ्यावं. ते ५० अंशच बघतं, पण चेहरा आठ मीटरवरही देतं. कॅमेरा छताला चिकटवू नये, नाहीतर टोपीचा उत्तम फोटो मिळतो. रात्रीच्या अवरक्त दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो, आणि भिंगासमोरचा एक धागा सगळं चित्र पांढरं करून टाकतो. निघण्याच्या दिवशी फडकं मारायचं.

साठवणीचा हिशोब सोपा आहे. दोन एमबीपीएस वेगाने सतत चित्रण म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसही पुरत नाही; सातव्या दिवशी पहिला दिवस पुसला गेलेला असतो. हालचालीपुरतंच चित्रण ठेवलं तर ते महिनाभरही जाईल. पण कार्ड कॅमेऱ्यात आणि कॅमेरा चोराच्या पिशवीत, असं व्हायला नको. हालचालीच्या क्लिप तरी क्लाउडवर जायला हव्यात. डीव्हीआर टीव्हीखाली ठेवण्याऐवजी माळ्यावर, जुन्या सुटकेसमागे ठेवावा, हवा खेळती राहील असा.

पासवर्ड बदलणं कंटाळवाणं असतं, पण २०१६ साली मिराई नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. भारतात एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना अशा सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या आहेत. माळ्यावरचा जुना माल त्याआधीचा असतो. कॅमेऱ्याच्या चित्रात शेजारच्यांचं दार येत असेल तर तो फिरवून घ्यावा. संकटात धावून येणारा माणूस त्याच दारातून येणार आहे.

यातलं काहीही विजेशिवाय चालत नाही, आणि आपल्याकडे गावाला जाताना मेन स्विच खाली करायची रीत आहे. राउटर, फायबरचा डबा, कॅमेरा आणि पॅनेल यांच्यासाठी वेगळा एमसीबी (मेन बोर्डातला छोटा स्विच) काढून घ्यावा, म्हणजे बाकी घर खुशाल बंद करता येतं. राउटरसाठीच्या छोट्या यूपीएसवर १०,००० एमएएच असं लिहिलेलं असतं, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे ३७ वॉट-तास, बारा व्होल्टवर चढवताना जाणारं वजा करून तीसच्या आसपास. राउटर आणि फायबरचा डबा मिळून बारा वॉट खात असतील तर अडीच तास. फायबरची केबल जिन्यातून उघडी येते आणि कात्रीने कापली जाते, म्हणून पॅनेलमध्ये सिमकार्डची सोय हवीच. त्या सिमचा रिचार्ज संपल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्या नंबरवर कधी कोणी फोन करत नाही.

सायरनच्या डब्यावर ११० डेसिबल लिहिलेलं असतं ते एका मीटरवरचं. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात. चार मीटरवरच्या दारापर्यंत ९८ उरतात. तुमचं आणि शेजाऱ्यांचं, अशी दोन बंद दारं वीस-पंचवीस डेसिबल प्रत्येकी खातात. ढोबळ हिशोबाने त्यांच्या हॉलमध्ये पोचतात पन्नासेक, म्हणजे साधी बोलाचाली. एसी लावून आतल्या खोलीत झोपलेल्याला ते ऐकू येणार नाही. सायरन दाराला लागून हवा, आणि सोसायटीची हरकत नसेल तर दुसरा जिन्यात.

निघण्याआधी एक तालीम करावी. पॅनेलमध्ये दारासाठी तीसेक सेकंदांची उसंत ठेवलेली असते, मालकाला आत येऊन सिस्टीम बंद करता यावी म्हणून. तेवढीच ती चोरालाही मिळते. रिमोट असेल तर ती शून्यावर आणावी. मग सिस्टीम चालू करून बाहेर यावं, घराचा वीजपुरवठा तोडावा, आणि दारावर मुठीने तीन ठोके मारून घड्याळ बघावं. फोन यायला हवा. नुसती नोटिफिकेशन रात्री कोणाला उठवत नाही, आणि बॅटरी वाचवायच्या नादात काही फोन अॅपच झोपवून टाकतात. पॅनेलमध्ये तीन नंबर असावेत: तुमचा, शेजाऱ्यांचा, आणि वॉचमनचा. वॉचमन एजन्सीचा असेल तर महिन्यापूर्वीचा नंबर दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये वाजत असतो. शेजाऱ्यांना सांगून ठेवावं की एकट्याने आत शिरायचं नाही. जिन्यातला दिवा लावायचा, आरडाओरडा करायचा आणि ११२ ला फोन करायचा. आणि ते स्वतःच परवा कोकणात जाणार आहेत का, तेही विचारून घ्यावं.