मत दिलं, पण मोजलंच गेलं नाही

गरीब, कमी शिकलेली माणसं सार्वजनिक कारभारात भाग का घेत नाहीत? ‘त्यांना पडलेलीच नसते’ हे तयार उत्तर. सोयीचंही, कारण दोष माणसांच्या माथी जातो आणि संस्था नामानिराळी राहते. पण हे उत्तर तपासून पाहता येतं. ब्राझीलमध्ये तशी संधी चालून आली.

तिथे निरक्षरांना 1985 साली मताधिकार मिळाला. मतदान बहुतेकांना सक्तीचं, त्यामुळे लोक केंद्रावर येत होते. अडत होतं ते मतपत्रिकेपाशी. कायदेमंडळाच्या निवडणुकीत उमेदवाराचं नाव किंवा क्रमांक मतदाराने स्वतः लिहायचा असे. रकाना चुकला, अक्षर लागलं नाही, की मत बाद. माणूस रांगेत उभा राहून, कागद पेटीत टाकून घरी जाई. मोजणीत मात्र त्याचा पत्ताच नसे. याला उदासीनता कशी म्हणायची?

1996 पासून मतदान यंत्रं येऊ लागली. फोनवर असतात तसे अंक. क्रमांक दाबला की पडद्यावर उमेदवाराचा फोटो. बरोबर असेल तर हिरवं बटण, चुकलं तर नारिंगी दाबून पुन्हा सुरुवात. 1998 साली यंत्रं सगळ्यांना पुरणार नव्हती, म्हणून बहुतेक राज्यांत एक रेघ ओढली गेली: 40,500 हून जास्त मतदार असलेल्या नगरपालिकांत यंत्र, बाकीच्यांना कागद.

संशोधकाला आणखी काय हवं? 40,000 मतदारांचं गाव आणि 41,000 मतदारांचं गाव यांच्यात गरिबी किंवा शिक्षणाचा मोठा फरक असायचं कारण नाही. निकालात रेघेपाशीच अचानक उडी दिसली, तर ती यंत्रामुळे. अर्थशास्त्रज्ञ थॉमस फुजिवारा यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती दिसली. रेघेच्या वरच्या बाजूला शंभरामागे दहाहून अधिक मतं जास्त वैध ठरली आणि ती मुख्यतः कमी शिकलेल्यांची होती.

खरी गंमत पुढे आहे. यंत्रं राज्याराज्यांत मागेपुढे आल्यामुळे आणखी एक तुलना शक्य झाली. जिथे ती आधी पोचली, तिथे सरकारी खर्च आरोग्याकडे झुकला. सरकारी दवाखान्याची गरज गरिबांनाच जास्त, तेव्हा हे अपेक्षितच. कमी शिकलेल्या गरोदर बायकांच्या तपासण्या वाढल्या, त्यांच्या पोटी कमी वजनाची बाळं जन्मण्याचं प्रमाण घटलं. विषमतेमुळे आवाज कमी आणि आवाज कमी म्हणून विषमता कायम, हे चक्र एका बटणाने थोडं का होईना उलटं फिरलं.

अर्थात माणूस केंद्रावर पोचतच नसेल, तर यंत्र काय करणार? ऑस्ट्रेलियात 1922 च्या निवडणुकीत 60 टक्केसुद्धा मतदान झालं नव्हतं. 1924 साली ते सक्तीचं केलं आणि पुढच्याच वर्षी आकडा 91 टक्क्यांवर गेला.

मत मोजलं जाणं ही एक गोष्ट, खुर्चीत कोण बसतं ही दुसरी. भारतात पंचायतींची एक तृतीयांश प्रमुखपदं महिलांसाठी राखीव झाली आणि कोणती पंचायत राखीव हे फिरत्या क्रमाने, जवळजवळ सोडतीसारखं ठरलं. म्हणजे पुन्हा आयता प्रयोग. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी 2004 साली पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधले निष्कर्ष मांडले. दोन्हीकडे बायकांची पिण्याच्या पाण्याची तक्रार पुरुषांपेक्षा जास्त होती आणि राखीव पंचायतींत पाण्यावर खर्चही जास्त झाला.

रस्त्यांचं मात्र निराळं निघालं. बंगालमध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळा रस्ते मागत होत्या, तिथे राखीव पंचायतींत रस्ते वाढले. राजस्थानमध्ये त्या कमी मागत होत्या, तिथे राखीव पंचायतींत रस्त्यांवरचा खर्च घटला. म्हणजे ‘बाई सरपंच झाली की अमुक काम होतं’ असं ठरीव सूत्र नव्हतं. त्या त्या ठिकाणच्या बायका जे मागत होत्या, तिकडे पैसा वळत होता.